धाकट्यालाही ऑटिझम असेल का?

कराडजवळच्या गावातलं जोडपं. थोरला मुलगा चार वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं; बाईंना पाचवा महिना. प्रश्न दोनच: धाकट्यालाही असेल का, आणि सोनोग्राफीत कळेल का? सासूबाईंचा निकाल आधीच लागला होता, "पहिल्या खेपेला हिनं मोबाइल फार बघितला."

आधी मोबाइलचं ओझं उतरवलं. आईच्या मोबाइल बघण्यानं पोटातल्या बाळाला ऑटिझम होत नाही. हे मनातून गेल्याशिवाय आईला आकडे ऐकूच येत नाहीत. सोनोग्राफीत ऑटिझम दिसत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 1,605 धाकटी भावंडं होती. त्यांतल्या सुमारे 20 टक्के मुलांना ऑटिझम निघाला. म्हणजे पाचांत एकाला, चौघांना नाही. मुलग्यांत प्रमाण मुलींच्या जवळपास दुप्पट, पण हा आकडा आता निरुपयोगी: गर्भलिंग विचारणं-सांगणं दोन्ही गुन्हा.

थोरल्याची जनुकीय तपासणी राहिली होती. मायक्रोॲरे (गुणसूत्रांतले कमी-जास्त झालेले तुकडे शोधणारी) आणि फ्रॅजाइल एक्स (एका ठरावीक जनुकातला बदल शोधणारी) या चाचण्यांत नेमकं कारण सापडलं, तर 20 टक्क्यांचा हिशेब बदलतो. मात्र रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे शक्यता संपली, असं नाही.

खरं काम बाळ आल्यावरचं. सहाव्या महिन्यापर्यंत बहुतेक बाळं सारखीच दिसतात, म्हणून 'हसतंय की' यावर विसंबू नये. नवव्या महिन्यापासून मागून नाव घेऊन हाक मारायची, खुळखुळा किंवा टाळी न वाजवता. इथंच घरोघरी चुकतं: ताटली वाजवतात, बाळ वळतं ते आवाजाला, नावाला नव्हे; तरी सगळे निर्धास्त. वर्षाच्या सुमारास बोटानं दाखवणं, टाटा करणं बघायचं. आलेले शब्द गेले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. 'याचा बापही उशिरा बोलला' या वाक्यानं सगळ्यात जास्त महिने वाया जातात. बोलणं उशिरा असेल तर कानांची तपासणीही हवीच.

मुलगी झाली. 18 व्या महिन्यात एम-चॅट चाचणीत (पालकांना विचारायचे 20 प्रश्न; गुण जास्त तितकी ऑटिझमची शंका जास्त) 4 गुण आले, तेव्हा घर हादरलं. पण 3 ते 7 गुण म्हणजे निदान नव्हे. एकेक उत्तर उदाहरणासह पुन्हा विचारायचं असतं. तसं विचारल्यावर 1 उरला. चोविसाव्या महिन्यातल्या फेरतपासणीची तारीख मात्र तशीच ठेवली आहे.