पुण्याहून एका दिवसात मोटरसायकलने किती घाट करता येतात आणि त्यासाठी किती सीसीची गाडी लागते?

एका दिवसात तीन घाट नीट होतात आणि त्यासाठी शंभर ते सव्वाशे सीसीची, वेळच्या वेळी देखभाल केलेली कोणतीही गाडी पुरते. तुमच्या मित्रांनी एका दिवसात सहा घाट पार केल्याचे तुम्ही प्रश्नात लिहिले आहे आणि साडेतीनशे सीसीच्या खालची गाडी घाटात नेऊच नये असे त्यांनी बजावल्याचेही लिहिले आहे, म्हणून नवी गाडी कर्जाने घ्यावी का, असा तुमचा विचार चालला आहे. सहा घाटांबद्दल मला फारसे म्हणायचे नाही, कारण ज्याला दिवसभर फक्त पुढच्या गाडीचा मागचा दिवा पाहायचा आहे त्याने खुशाल सहा करावेत. सीसीबद्दलचे विधान मात्र मला मुळीच मान्य नाही. हेच विधान आमच्या घरात अनेक वर्षे ऐकू येत आहे आणि ते चुकीचे आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आधी रस्ता सांगतो. पुण्याहून पहाटे निघावे, सुरूर फाट्याला महामार्ग सोडून वाईला यावे, पसरणी घाटाने पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर गाठावे, आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरावे, महाडच्या अलीकडे भोरचा फाटा धरून वरंधा घाट चढावा आणि भोर, कापूरहोळ करत अंधार पडायच्या आत घरी यावे. सगळे मिळून सुमारे तीनशे किलोमीटर होतात. वाटेतल्या खंबाटकीला मी घाटांत धरत नाही, तो महामार्गाचा तुकडा आहे आणि तिथे मालमोटारींच्या रांगेत श्वास कोंडण्यापलीकडे काही मिळत नाही. फेरी उलट दिशेने करू नये, कारण सकाळी सातला मोकळा असणारा पसरणी घाट दुपारनंतर पर्यटकांच्या मोटारींनी भरून जातो. शिवाय वरंध्याचा रस्ता बऱ्याचदा खराब असतो आणि खराब रस्ता उतरण्यापेक्षा चढायला नेहमीच सोपा जातो. या क्रमाने गेल्यास आंबेनळी उतरताना सकाळचे ऊन पाठीवर असते आणि वरंधा चढताना दुपारचे ऊनही पाठीवरच असते, त्यामुळे दिवसभर डोळ्यांवर तिरीप येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. माझे आजोळ महाड तालुक्यातले. धाकटे मामा एसटीत चालक होते आणि महाड-भोर रस्त्यावरची गाडी त्यांनी बराच काळ चालवली. जुन्या गाड्यांत चालकाच्या शेजारी इंजिनाचे मोठे झाकण असायचे. लहानपणी सुटीत त्या झाकणाजवळची जागा मला हक्काने मिळत असे आणि तिथून मी मामांचे हातपाय पाहत असे. भोरकडून येताना वाघजाईच्या देवळापाशी गाडी थांबायची, मामा देवीला हात जोडायचे आणि पुन्हा जागेवर बसले की उतार सुरू होण्याच्या आधीच खालच्या गेअरात गाडी टाकायचे. मग इंजिनाचा आवाज जड व्हायचा, सबंध गाडी त्या आवाजावर तोलल्यासारखी खाली सरकायची आणि मामांचा पाय वळणाच्या अलीकडे क्षणभर ब्रेकवर जाऊन लगेच बाजूला व्हायचा. ज्या गेअरात घाट चढतो त्याच गेअरात उतरायचा आणि ब्रेक थांबण्यासाठी राखून ठेवायचा, हे त्यांनी मला किती वेळा सांगितले असेल याची गणती नाही. मी मोटरसायकल चालवायला शिकलो तेव्हा हा नियम दोन चाकांना जसाच्या तसा लागू पडतो हे पहिल्याच उताराला कळले.

माझ्या आतेभावाला हे पटत नाही. तो माझ्याहून मोठा आहे, मी त्याला दादा म्हणतो आणि त्याच्या इतर अनेक गोष्टींबद्दल मला आदर आहे. पण मामांच्या या नियमाला तो ट्रकवाल्यांचे शास्त्र म्हणतो. मोठ्या गाडीला मोठे ब्रेक असतात, म्हणून घाटात मोठी गाडीच सुरक्षित, असे त्याचे म्हणणे. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही याच फेरीला निघालो, तेव्हा त्याच्याकडे नवी कोरी नव्हे, पण चांगली दणकट आणि दोनशे किलोच्या आसपास वजनाची गाडी होती, मागे वहिनी आणि दोन्ही बाजूंना बांधलेल्या पिशव्या. माझी गाडी सव्वाशे सीसीची, मागे माझा कॉलेजात जाणारा मुलगा. पसरणी चढताना दादा सहज पुढे निघून गेला. मी दुसऱ्या-तिसऱ्या गेअरात चढत राहिलो आणि पाचगणीला त्याला माझी वाट पाहावी लागली, याचा उल्लेख तो अजूनही करतो.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे आणि पोलादपूर जवळजवळ कोकणाच्या पातळीला आहे. सुमारे चाळीस किलोमीटरच्या अंतरात ही सगळी उंची उतरायची असते. पूर्वेकडून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, पण पश्चिमेला त्याचा कडा एकदम तुटतो, त्यामुळे वाईची चढण आणि पोलादपूरची उतरण यांची तुलनाच होऊ शकत नाही. उतरणाऱ्या गाडीची ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. ती इंजिनाने अडवली तर इंजिन पचवते, कारण इंजिन उष्णता बाहेर टाकण्यासाठीच घडवलेले असते. ती ब्रेकने अडवली तर ब्रेकच्या छोट्याशा चकतीत साठत जाते. आणि गाडी जितकी जड तितकी ही उष्णता जास्त. मोठ्या गाडीचे ब्रेक मोठे असतात हे दादाचे म्हणणे खरे आहे, पण त्या ब्रेकांवर येणारा भारही मोठा असतो, ही बाजू तो कधीच मोजत नाही.

आंबेनळीचा वरचा भाग दाट झाडीतून जातो. तिथे मी दादाच्या मागे होतो आणि त्याच्या गाडीचा ब्रेकचा लाल दिवा विझतच नव्हता. तो वरच्या गेअरात होता, प्रत्येक वळणावर क्लच दाबून धरत होता आणि उजव्या पायाने गाडी रोखत होता. प्रतापगडाचा फाटा मागे पडल्यावर जळका, तिखट वास यायला लागला. माझ्या मुलाने तो माझ्या आधी ओळखला. मी हॉर्न दिला, पण पुढच्याच डावीकडच्या वळणावर दादाची गाडी रस्त्याच्या मध्यापलीकडे गेली. समोरून कोणी येत नव्हते हे आमचे नशीब. त्याने पुढच्या ब्रेकने ती कशीबशी आवरली आणि कठड्याजवळच्या मोकळ्या जागेत थांबवली. मागच्या ब्रेकचे पेडल पायाने दाबले तर ते तळाला जात होते, त्यात जीवच उरला नव्हता, आणि चकतीवर निळसर झाक आली होती. दादाने पाण्याची बाटली उघडून चकतीवर ओतायला घेतली, तेव्हा मी त्याचा हात धरला, कारण तापलेल्या लोखंडावर थंड पाणी पडले की चकती वाकण्याची भीती असते. आम्ही तिथेच बसून राहिलो. बराच वेळाने पेडल हळूहळू पुन्हा कडक झाले. वहिनी उरलेला घाट माझ्या मुलाला मागे चालत यायला सांगून माझ्या गाडीवर बसल्या असत्या, इतक्या त्या घाबरल्या होत्या. शेवटी दादाने दुसऱ्या गेअरात गाडी घातली आणि आम्ही पोलादपूरपर्यंत सावकाश आणि काही न होता उतरलो.

पुण्यात परतल्यावर मेकॅनिकने ब्रेक ऑईल, म्हणजे पेडलाचा दाब चकतीपर्यंत पोहोचवणारे तेल, काढले, ते कोऱ्या चहासारखे काळपट निघाले. तेव्हापासून दादाचा युक्तिवाद असा की दोष जुन्या तेलाचा होता, चालवण्याचा नव्हता. यातले निम्मे मी मान्य करतो. डॉट ४ प्रकारचे ब्रेक ऑईल नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषते, आणि ओलावा मुरलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल पोकळ लागते. म्हणून ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदललेच पाहिजे. पण तेल उकळेपर्यंत तापवले कोणी? त्याच उतारावर, त्याच उन्हात, डबलसीट असलेल्या माझ्या गाडीचा ब्रेक हाताला कोमटही लागत नव्हता आणि माझे तेल काही त्या आठवड्यात बदललेले नव्हते. फरक गेअरचा होता. मामांचे शास्त्र ट्रकवाल्यांचे असेलही, पण चाळीस-पन्नास माणसे पाठीशी घेऊन रोज वरंधा उतरणाऱ्या माणसाने ते तपासून घेतलेले होते.

याच संदर्भात, उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय असेल तर ती आजच सोडून द्या. पेट्रोल वाचते हे त्याचे समर्थन आता उरलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ या प्रदूषण-मानकाच्या गाड्या आल्या आणि त्यांत जवळजवळ सर्वत्र फ्युएल इंजेक्शन, म्हणजे इंजिनात पेट्रोल मोजून सोडणारी यंत्रणा, आहे. गेअरात असताना थ्रॉटल पूर्ण सोडले की ही यंत्रणा सहसा इंधनाचा पुरवठाच तोडते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी तिला पेट्रोल जाळावे लागते. म्हणजे इंजिनाची अडवणही जाते आणि पेट्रोलही जाते.

वळणांबद्दल थोडेच सांगतो, कारण हेल्मेट आणि हातमोजे यांच्याबद्दल तुम्हाला सांगायची गरज नसावी. उजव्या वळणावर गाडीची चाके पांढऱ्या रेषेच्या डावीकडे असली तरी झुकलेले डोके आणि खांदा समोरच्याच्या वाटेत गेलेला असतो, म्हणून अशा वळणात रेषेपासून हातभर लांब राहावे. डाव्या वळणात आतल्या बाजूला, कड्याच्या पायथ्याशी, बारीक खडी साचलेली असते. एसटीला अवघड वळणावर सगळा रस्ता लागतो. तिच्या तोंडाचा अंदाज आला की वळणाच्या अलीकडेच बाजूला थांबावे, चालक हात करेल तेव्हा पुढे जावे. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हा सौजन्याचा भाग नसून वाहतुकीचा नियम आहे, आणि घाटात पर्यटक म्हणून येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो माहीत असतो.

वरंध्यात मात्र वेळ काढा. कावळ्या किल्ल्याचा डोंगर कापून रस्ता वर येतो, तिथेच वाघजाईचे देऊळ आहे आणि त्याच्याजवळच्या टपऱ्यांवर गरम कांदाभजी आणि चहा मिळतो. भज्यांची पुडी उघडी ठेवू नका, माकडे हातातून नेतात. तिथे निदान तासभर बसावे, खालची दरी आणि आपण चढून आलेला रस्ता शांतपणे पाहावा. सहा घाट करणाऱ्यांच्या वेळापत्रकात हा तास बसत नाही आणि माझ्या मते सबंध दिवसातला हाच तास सर्वांत मोलाचा असतो. पुढे नीरा-देवघर धरणाच्या पाण्याला बिलगून जाणारा रस्ता संध्याकाळच्या उन्हात फार देखणा दिसतो. प्रतापगड आणि शिवथरघळ वाटेवर असले तरी या दिवसात कोंबू नयेत, दोन्ही ठिकाणी स्वतंत्र दिवस द्यावा.

काही मर्यादा मात्र सांगितल्या पाहिजेत. शंभर सीसीच्या गाडीवर दोन धडधाकट माणसे आणि सामान असेल तर पसरणीत वेग फार पडतो आणि मागच्या गाड्यांना वाट देत जावे लागते, याची तयारी हवी. गेअर नसलेल्या स्कूटरला इंजिनाची अडवण फार कमी मिळते, त्यामुळे आंबेनळी उतरताना तिला मधूनमधून थांबवून ब्रेक निवू द्यावे लागतात, आणि डबलसीट असेल तर मी ती नेणारच नाही. सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे आणि ओल्या रस्त्यावर त्याचा खरोखर उपयोग होतो, एवढा एक मुद्दा मी मोठ्या गाडीच्या बाजूने मान्य करतो.

पण ओल्या रस्त्यावर जायचेच कशाला, असे मी विचारेन. भर पावसात ही फेरी करू नका. वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीला बंद केला जातो, आंबेनळीतही दरडी येतात, आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, ते गाव याच डोंगरांच्या कुशीत आहे. धबधब्याखाली छायाचित्र काढण्यासाठी बंदीचा फलक ओलांडून जाणाऱ्यांना त्या परिसरातली माणसे काय म्हणतात, ते मी आजोळी ऐकले आहे आणि ते योग्यच आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

तुमच्या कर्जाच्या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. हौस म्हणून मोठी गाडी घ्यायची असेल तर तो तुमचा निर्णय, पण घाटासाठी म्हणून घेऊ नका. आहे त्याच गाडीचे ब्रेक ऑईल आणि पॅड बघून घ्या, चेन साफ करा, टायर गुळगुळीत झाले असतील तर बदला, टाकी वाईत भरा आणि वरंध्याचा रस्ता सुरू आहे की नाही याची आदल्या दिवशी भोरला चौकशी करा. बंद असेल तर महाडवरून माणगाव गाठून ताम्हिणी घाटाने परत या. अंतर थोडे वाढेल, पण घाट तीनच होतील.