डिचोली-पणजी रोजच्या प्रवासाला सीव्हीटी (एक प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलेली गाडी घ्यावी का, की नव्या मॉडेलसाठी थांबावं?

सीव्हीटी जरूर घ्या. पण नव्या रूपात गिअरबॉक्स तोच राहील असं धरून थांबू नका. 2022 मध्ये मारुतीची बलेनो बदलली तेव्हा सीव्हीटी गेली, एएमटी (साध्या गिअरबॉक्सचे गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा) आली; 2024 च्या होंडा अमेझमध्ये मात्र सीव्हीटी कायम राहिली.

सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात. दोन पुल्यांवर पोलादी पट्टा फिरतो, पुल्यांच्या तबकड्या जवळ-लांब होतात आणि गिअरचं गुणोत्तर सलग बदलत जातं. म्हणून पर्वरीच्या गर्दीत एएमटीसारखा झटका बसत नाही. चोर्ला घाटात पाय दाबला की इंजिन आधी ओरडतं, वेग मागून येतो. मला सवय व्हायला दोन फेऱ्या लागल्या. उतारावर गिअर लिव्हरवरचा 'एल' (लो) किंवा 'एस' (स्पोर्ट), जे असेल ते लावा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. आणि टेस्ट ड्राइव्ह चढावरच घ्या, घरची माणसं बसवून.