इंटर्नशिप सोडून बँकेच्या परीक्षा द्याव्यात का?

प्रश्न : माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हिंजवडीत साठेक माणसांच्या कंपनीत इंटर्नशिप करते. टीम लीड कंपनीच्या कॅबमध्ये मुद्दाम खेटून बसतो, रात्री मेसेज करतो. दोन महिन्यांपूर्वी साडेअकराला ‘झोपलीस का? आज कुर्त्यात फार छान दिसत होतीस’ असा मेसेज आला. तिने मला दाखवला. मी सगळं चॅट डिलीट करायला लावलं. पुढे लग्न जमवायचं आहे, लोक काय म्हणतील? इंटर्नला कायदा लागू होतच नाही. त्यापेक्षा आयटी सोडून तिने बँकेची तयारी करावी का?
– एक वडील, चिंचवड

उत्तर : बँकेचं आधी सांगते. अधिकारी पदासाठी कुठल्याही शाखेची पदवी, वय 20 ते 30, आणि सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेची पूर्व, मुख्य आणि मुलाखत. एवढंच. तुमचं पत्र वाचून मला काळजी लागली ती त्या डिलीट केलेल्या चॅटची.

किती मुली असा मेसेज वडिलांना दाखवतात? बहुतेक जणी मैत्रिणीपाशी रडतात आणि घरी काही बोलत नाहीत. तुमच्या मुलीने विश्वासाने फोन तुमच्या हातात दिला. तुम्ही काळजीपोटीच मेसेज पुसायला लावलेत, हे मला कळतं. पण चूक आपलीच आहे आणि ती झाकायची आहे, असंच तिला वाटलं असणार. पुढच्या वेळी ती तुम्हाला काही सांगेल याची मला खात्री नाही. पत्रात लोक आहेत, लग्न आहे. तिला काय हवंय याची एक ओळ नाही. आज जेवणं झाल्यावर तिच्याजवळ बसा. मेसेज पुसायला लावले ते चुकलं, असं स्पष्ट सांगा. मग तिला बोलू द्या, मध्ये तोंड घालू नका.

आता तुमचा गैरसमज. 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा इंटर्नला पूर्ण लागू होतो. त्यात कर्मचारी म्हणजे कायम, हंगामी, कंत्राटी, प्रोबेशनवरची, प्रशिक्षणार्थी, अगदी बिनपगारीसुद्धा. कंपनीने दिलेली कॅबही कामाचं ठिकाणच. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती नेमावीच लागते. अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. समितीच नसेल तर मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवर तक्रार करता येते. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. तेवढ्या काळात बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. तक्रारदाराचं नाव बाहेर फोडायला कायद्याने बंदी आहे. नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

आणि सरकारी बँकेत असं काही घडत नाही, हे कोणी सांगितलं? या कायद्याची सुरुवातच सरकारी कामातून झाली. भंवरीदेवी राजस्थान सरकारच्या योजनेत साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, आणि पुढे हा कायदा आला. एका माणसाच्या वागण्यापायी तिने चार वर्षांचं शिक्षण का सोडायचं?

फोनचा बॅकअप असेल तर मेसेज परत मिळतात का, ते आधी बघा. नाही मिळाले तरी तिला तारीखवार सगळं लिहून काढू दे : कोणती कॅब, कोण शेजारी होतं, कोणत्या मैत्रिणीला सांगितलं. साक्षीदार आणि कागदपत्रं मागवण्याचे अधिकार समितीला असतात. इंटर्नशिप कॉलेजने लावून दिली असेल तर तिथल्या समितीलाही कळवता येईल.

तक्रार करायची की नाही, हे तीच ठरवेल. फक्त लेखी तक्रार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत द्यावी लागते. तसंच कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्यावर विसंबू नका. तुमच्या हिशोबाने त्या मेसेजलाच दोन महिने उलटलेत. बँकेचा फॉर्म नंतर भरता येईल, तोही तिला भरायचा असेल तर.