हनुवटीचे चार टाके आणि तीन बिलं

प्रश्न : न्यू जर्सीला मुलाकडे आलो आहोत. नातू पडला, इमर्जन्सीत एक्स-रे काढून हनुवटीला चार टाके घातले. नंतर तीन वेगवेगळी बिलं आली, मिळून अडीच हजार डॉलर, तेही विमा असून! इथे उपचार एवढे महाग का?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : काका, मी इथल्याच एका हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात बरीच वर्षं काम केलं. पहिलं बिल हॉस्पिटलचं असणार, दुसरं टाके घालणाऱ्या डॉक्टरांचं, तिसरं एक्स-रे वाचणाऱ्यांचं. हे डॉक्टर बरेचदा हॉस्पिटलच्या नोकरीत नसतात, त्यांचा हिशेब वेगळा. शिवाय इमर्जन्सीच्या तपासणीला 99281 ते 99285 यांपैकी एक कोड लागतो. आकडा एकाने वाढला की रक्कम वाढते. आणि डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी दरवर्षी स्वतः भरायची ठरलेली रक्कम, संपेपर्यंत पैसे तुमच्या मुलाच्याच खिशातून जातात.

इथले लोक सारखे डॉक्टरकडे धावतात म्हणून खर्च वाढतो, हा गैरसमज आहे. इतर श्रीमंत देशांतले लोक यांच्यापेक्षा जास्त वेळा जातात. फरक आहे भावांचा. प्रत्येक विमा कंपनी प्रत्येक हॉस्पिटलशी वेगळा भाव ठरवते. मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी विम्याचे दर सरकार ठरवतं, पण हॉस्पिटलच्या त्याच सेवेला खाजगी विमा सरासरी दुपटीहून जास्त मोजतो. 2023मध्ये देशाचा आरोग्यखर्च माणशी 14,570 डॉलर झाला, तो असा.

औषधांच्या किमतींचं तर मनाला फार लागतं. इन्सुलिनचं पेटंट शोधकर्त्यांनी 1923मध्ये टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिलं, सगळ्यांना मिळावं म्हणून. त्याच इन्सुलिनचा डोस पैशांअभावी अर्धा करणारी माणसं या देशात आहेत. 2003च्या कायद्याने मेडिकेअरला औषध कंपन्यांशी भाव करायलाच मनाई केली होती. 2022मध्ये ती थोडी उठली. पहिल्या दहा औषधांचे ठरवलेले भाव जानेवारी 2026पासून लागू झाले. इतकी वर्षं लोकांनी हे का सोसायचं?

मुलाला सांगा, लगेच पैसे भरू नको. आधी प्रत्येक कोडसकट तपशीलवार बिल मागायचं आणि विमा कंपनीच्या पत्रकाशी ताडून बघायचं. डॉक्टर नेटवर्कबाहेरचे, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेले असले, तरी 2022पासून इमर्जन्सीत जादा रक्कम लावता येत नाही. हॉस्पिटल ना-नफा असेल, तर आर्थिक मदतीची लेखी योजना ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. तो फॉर्म मागायला संकोच नको.

तुमच्या प्रवासी विम्यात जुने आजार बहुधा धरलेले नसतील. बीपी-शुगरच्या गोळ्या परतीपर्यंत पुरतील ना, ते आजच मोजून बघा.