एच-१बीवर (अमेरिकेतल्या कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर) असताना न्यू जर्सीत मेडिकल मारिजुआनाचं, म्हणजे औषध म्हणून गांजा घेण्याचं, कार्ड काढता येतं का? कसं? आणि ते औषध भारतात नेता येतं का?

तुमच्या मेसेजात लिहिलंय की मायग्रेनसाठी ऑफिसातल्या मित्राने हे कार्ड काढायला सुचवलं. कार्ड मिळेल. मायग्रेन न्यू जर्सीच्या आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे तिथे अडणार नाही. पण तुम्ही एच-१बीवर आहात, आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालंय आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत आहात, हे तुम्ही मेसेजच्या अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. तुमचा तो मित्र जन्माने अमेरिकन असेल, तर त्याच्या डोक्यात ही गोष्ट येणारच नाही.

माझं सांगते. माझ्याकडे हे कार्ड आहे. केमोनंतर तळपायांच्या नसा दुखावल्या, रात्री चादरीचा स्पर्शही सहन होईना. नेहमीच्या गोळ्यांनी दुखणं कमी व्हायचं, पण सकाळी डोकं इतकं जड की भाजी चिरतानासुद्धा भान राहायचं नाही. माझ्या कर्करोगतज्ज्ञ बाईंनीच कार्डाचा विषय काढला आणि त्यांचा दुसरा प्रश्न होता, "तू सिटिझन आहेस ना?" मी होते, म्हणून पुढे गेले. नसते तर गेले नसते.

त्याचं कारण असं. राज्याचा कायदा एक म्हणतो, केंद्राचा दुसरं. न्यू जर्सीने रुग्णांसाठी गांजाला परवानगी दिली २०१० मध्ये. २०१९ साली तो कायदा बराच सैल करून त्याला जेक होनिग या मेंदूच्या कर्करोगाने गेलेल्या सात वर्षांच्या मुलाचं नाव दिलं. एप्रिल २०२२ पासून तर एकवीस वर्षांवरच्या कुणालाही दुकानातून घेता येतो. पण केंद्राच्या १९७० च्या कायद्याने गांजा हेरॉइनच्या पंक्तीला, शेड्यूल एक या सगळ्यात कडक यादीत, नेऊन बसवला. आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हा सगळा कारभार केंद्राचा. तिथे न्यू जर्सीचं कार्ड दाखवून काहीच उपयोग नाही.

परदेशी माणसाच्या बाबतीत हा कायदा किती कडक आहे, ते बहुतेकांना माहीत नसतं. अटक, खटला, शिक्षा यांतलं काहीही व्हायला लागत नाही. अमली पदार्थांचा कायदा मोडल्याचं तुम्ही अधिकाऱ्यापुढे रीतसर कबूल केलंत, तर तेवढ्यावर प्रवेश किंवा ग्रीन कार्ड नाकारता येतं. आणि कबूल करायच्या जागा बऱ्याच आहेत. पासपोर्टवर व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी मुंबईच्या वकिलातीत जाताना भराल त्या डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जामध्ये अमली पदार्थांचा प्रश्न आहे. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टर विचारतात. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात शपथेवर उत्तर द्यावं लागतं. २०१९ च्या एप्रिलमध्ये यूएससीआयएसने, म्हणजे हे अर्ज तपासणाऱ्या केंद्राच्या कार्यालयाने, स्पष्टच लिहून टाकलं की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंधित वागणुकीमुळे अर्जदाराचं 'चांगलं चारित्र्य' अमान्य होऊ शकतं. विमानतळावरचे अधिकारी फोन उघडून बघू शकतात, हेही धरा. खोटं बोलणं हा तर वेगळा आणि जास्त मोठा गुन्हा, तेव्हा "विचारलं तर नाही म्हणेन" हा विचार डोक्यातून काढून टाका.

यावर लोक दोन मुद्दे काढतात. पहिला, केंद्र सरकार रुग्णांच्या मागे लागत नाही. बरोबर, २०१४ पासून खर्चाच्या विधेयकात अशी अट येत आली आहे की न्याय खात्याने राज्यांच्या वैद्यकीय गांजा योजनांमध्ये आडकाठी करण्यावर पैसा खर्च करू नये. पण ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाचे अर्ज न्याय खात्याकडे नसून होमलँड सिक्युरिटी या वेगळ्या खात्याकडे असतात. दुसरा, गांजा शेड्यूल तीनमध्ये, म्हणजे कमी कडक यादीत, हलवायचं चाललंय, मग काय हरकत? मे २०२४ मध्ये तसा प्रस्ताव आला, खरं आहे. पण इमिग्रेशनचा कायदा एकाच शेड्यूलबद्दल बोलत नाही. पाचही शेड्यूलांतले पदार्थ त्यात येतात. त्यामुळे त्या बातमीवर विसंबून कार्ड काढू नका.

रुग्णांची नोंदवही राज्याकडे गोपनीय असते, ती कुणी सहज उघडून बघत नाही. तरीही तो कागद तुमच्या नावाचा असतो. आणि कार्ड न काढता साध्या दुकानातून गमी (गांजा घातलेल्या, चघळायच्या गोड गोळ्या) घेतल्या तरी केंद्राच्या लेखी फरक पडत नाही, हेही सांगून ठेवते. माझ्या ओळखीतले काहीजण "कार्ड नको, नुसतं घेऊ" असा मध्यममार्ग शोधतात. तो मार्गच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी इमिग्रेशनचा वकील, मग न्यूरोलॉजिस्ट, आणि कार्ड सगळ्यात शेवटी. वकील तुमचा स्वतःचा हवा, कंपनीचा नको. कंपनीच्या वकिलाचं अशील कंपनीही असते, आणि ही गोष्ट तुम्हाला ऑफिसात पोचायला नको असेल.

आता कार्डाची रीत. तुमच्यासाठी नाही तर हे वाचणाऱ्या नागरिकांसाठी, किंवा पाच-सात वर्षांनंतरच्या तुमच्यासाठी.

सगळं डॉक्टरपासून सुरू होतं. डॉक्टर गांजा 'लिहून' देत नाहीत, केंद्राच्या कायद्याने देऊच शकत नाहीत. ते फक्त प्रमाणित करतात की या रुग्णाला यादीतला अमुक आजार आहे. यादीत कर्करोग, जुनाट दुखणं, मायग्रेन, अपस्मार, मल्टिपल स्क्लेरोसिस, ग्लॉकोमा, पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा मानसिक त्रास), अँग्झायटी, पाळीतलं तीव्र दुखणं असं बरंच काही आहे. डॉक्टर योजनेत नोंदवलेले हवेत, आणि तुमचे प्राथमिक डॉक्टर नोंदवलेले असतीलच असं नाही. राज्याच्या कॅनबिस रेग्युलेटरी कमिशनच्या संकेतस्थळावर यादी आहे. फक्त हेच काम करणारे दवाखानेही आहेत, व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटांत काम उरकतात. मला ते आवडत नाहीत. ज्या डॉक्टरला तुमच्या बाकीच्या गोळ्या माहीत नाहीत, त्याने यात पडू नये. गांजातली रसायनं वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढवू शकतात, फिटच्या काही औषधांचाही. ते दहा मिनिटांत कोण तपासणार? फी खिशातून जाते, विमा धरत नाही, म्हणून आधी फोन करून विचारा.

डॉक्टरांनी नोंद केली की एक क्रमांक मिळतो. तो घेऊन ऑनलाइन अर्ज करायचा: फोटो, सरकारी ओळखपत्र, न्यू जर्सीत राहत असल्याचा पुरावा. राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स असलं की बहुतेक काम होतं. सुरुवातीच्या काळात नोंदणीला दोनशे डॉलर पडायचे. आता डिजिटल कार्ड फुकट आहे आणि हातात धरायचं हवं असेल तर १० डॉलर. कार्ड दोन वर्षं चालतं. महिन्याला, म्हणजे तीस दिवसांत, तीन औंसांपर्यंत घेता येतं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी घरच्या माणसाची केअरगिव्हर म्हणून नोंद होते, त्याची मात्र पार्श्वभूमी तपासतात. घरी झाड लावायला न्यू जर्सीत बंदी आहे, रुग्णालाही. तुळशीशेजारी कुंडीत एखादं लावू, असा विनोद आमच्या भिशीत दर वेळी होतो, म्हणून सांगितलं.

दुकानात सगळ्यांनाच मिळतं तर कार्ड कशाला, असं विचाराल. रुग्णाला विक्रीकर नाही. रुग्णांसाठी माल राखून ठेवणं दुकानाला बंधनकारक आहे. एकवीसच्या आतल्या रुग्णाला दुसरा रस्ताच नाही. आणि नोकरीत थोडं संरक्षण मिळतं: नुसतं कार्ड आहे म्हणून मालक कारवाई करू शकत नाही, आणि चाचणीत सापडलात तर कारण सांगायला तीन दिवस द्यावे लागतात. पण कामावर नशेत असणं माफ नाही, आणि ट्रकचालक किंवा केंद्र सरकारचं कंत्राट असलेली कंपनी, तिथे हे संरक्षण तोकडं पडतं. आपल्याकडचे बरेच आयटीवाले अशाच कंत्राटांवर असतात.

डिस्पेन्सरीत, म्हणजे गांजाच्या परवानाधारक दुकानात, दारावरच ओळखपत्र तपासतात, आत एखाद्या मोबाइलच्या शोरूमसारखा लखलखाट असतो. काउंटरवरची मुलं फार प्रेमळ, पण ती फार्मासिस्ट नाहीत. माझ्यासारख्या साठीच्या बाईला एकाने थेट व्हेप (वाफ ओढायचं उपकरण) सुचवलं होतं. मी जिभेखाली घालायचं टिंक्चर घेते, गांजातलं नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी सारख्या प्रमाणात असलेलं, आणि फक्त रात्री. खाण्याच्या प्रकारात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: असर व्हायला अर्धा तास ते दोन तास लागतात. लोक तासभर वाट बघतात, "काहीच झालं नाही" म्हणून दुसरी गमी खातात आणि मग दोन्ही एकदम चढतात. अडीच मिलिग्रॅम टीएचसीपासून सुरुवात करा, कुणी काहीही सांगो. घेतल्यावर गाडी चालवायची नाही, कार्ड असलं तरी तो गुन्हाच आहे. आणि घरात मुलं असतील तर कुलपात, कारण त्या गमी दिसायला लिमलेटच्या गोळ्यांसारख्याच असतात.

मला उपयोग झाला का? झोप लागते. दुखणं गेलेलं नाही, पण ते माझ्यापासून जरा लांब सरकून बसतं. चमत्कार म्हणावा असं काही नाही. पैसेही बरेच जातात, कारण औषधावर विमा एक पैसा देत नाही, आणि क्रेडिट कार्ड सहसा चालत नाही.

तुमच्या मायग्रेनसाठी मला तरी आधी इतर दारं ठोठवावीशी वाटतात. २०१८ पासून सीजीआरपी (मायग्रेनशी संबंधित शरीरातला एक पदार्थ) अडवणारी इंजेक्शनं आली आहेत, नंतर त्याच जातीच्या गोळ्याही आल्या. विमा कंपनी सुरुवातीला नकार देते, न्यूरोलॉजिस्टच्या कार्यालयाला अपील करायला लावा. दुकानातल्या साध्या वेदनाशामक गोळ्या तुम्ही आठवड्यात किती घेता, हेही त्यांना खरं सांगा, कारण त्या जास्त झाल्या तर डोकेदुखी उलट वाढते. आणि हे सगळं घेताना व्हिसाला काही धोका नाही. गांजाशी नातं असलेलीही काही औषधं केंद्राने मान्य केलेली आहेत, उदाहरणार्थ केमोच्या उलट्यांवर ड्रोनाबिनॉल, लहान मुलांच्या काही दुर्मीळ अपस्मारांवर एपिडिओलेक्स. ती नेहमीच्या फार्मसीत चिठ्ठीवर मिळतात, त्यांना कार्ड लागत नाही. पण ती मायग्रेनची औषधं नव्हेत.

राहिला भारताचा प्रश्न. अजिबात नेऊ नका. अमेरिकेतल्या अमेरिकेतसुद्धा डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात नेणं केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे, मग मुंबई विमानतळाची काय गोष्ट. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा आणि चरस दोन्ही येतात, त्यांचं कुठलंही मिश्रणही येतं, आणि देशात आणणं हा वेगळा गुन्हा. परदेशातलं कार्ड तिथे मानत नाहीत. व्हेपचं उपकरण तर आत काही नसलं तरी अडचणीचं, कारण ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. "भांग तर चालते ना?" असं काका-मामा म्हणतील. एनडीपीएसच्या व्याख्येत नुसती पानं येत नाहीत, हे खरं. पण महाराष्ट्रात भांगेलाही परवाना लागतो, आणि तुमच्या गमीत पानं नसतात. आयुर्वेदात विजया या नावाने पानांची औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर भारतात मिळतात. ती तिथेच विचारून घ्या, आणि परत येताना बॅगेत टाकू नका.

वकिलाकडे जाताना एक प्रश्न लिहून न्या: याआधी कधी, कुठल्याही पार्टीत, तुम्ही घेतलं असेल तर डीएस-१६० मधल्या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं. ते इथे प्रतिक्रियांमध्ये मात्र लिहू नका.