गोवा, बेंगळुरू की मुंबई? बेळगावातल्या व्हायोलिनवालीला पत्र

प्रिय बाळ,

कुठल्या ऑर्केस्ट्रात जाऊ असं विचारणारा तुझा मेसेज वाचला. बाबा म्हणतायत ज्याचं नाव सगळ्यात मोठं तिथंच जा, मला नाही पटत. मुंबईत एनसीपीएला (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) २००६ पासूनचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यांची म्युझिक अकॅडमीपण आहे, नाव मोठंच की, पण बेळगावात राहून तुला त्याचा काय उपयोग? तुला दर आठवड्याला बसायला खुर्ची पाहिजे. महिन्यातून एकदा जाऊन काही होत नाही गं, शेजारची बो (गज) कुठं उचलते, श्वास कधी घेते, हे तिच्या शेजारी बसून बसूनच अंगात येतं.

म्हणून आधी जाण्यायेण्याचं बघ. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री बसलीस की सकाळी बेंगळुरू, तिथं १९८७ पासूनचं बँगलोर स्कूल ऑफ म्युझिक आहे, पण शाळा सांभाळून दर आठवड्याला हे झेपणार नाही, सुट्टीत वर्कशॉप असलं तर जा. पणजी जवळ पडते, सकाळी चोर्ला घाटातून गेलं की रात्री घरी, फक्त पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं काय हाल असतात ते तुला सांगायला नको, तेव्हाच्या रिहर्सल किती बुडतील ते आत्ताच विचारून ठेव. तिथं कला अकादमीत वेस्टर्न म्युझिक शिकवतात, आणि लुईस डायस यांनी २००९ मध्ये चालू केलेलं चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन आहे, ते मुख्यतः गरजू मुलांसाठी आहे, तरी कुठं काय चाललंय ते विचारायला फोन करायला काय जातंय.

कॉन्सर्टचे व्हिडिओ बघून ठरवू नकोस. परवानगी काढून एक अख्खी रिहर्सल बघ, आणि बघायचं ते मागच्या रांगेकडं. नोटेशनच्या एका स्टँडवर दोघं असतात, त्याला डेस्क म्हणतात, आतल्या बाजूचा पान उलटतो आणि पेन्सिलनं बोइंग, म्हणजे बो कुठं वर कुठं खाली ते, लिहितो. पुढच्यांचा बो खाली येतोय, शेवटच्या डेस्कवरच्या पोराचा वर चाललाय आणि तासभर कुणी काही बोलत नाही, असं दिसलं तर मुकाट्यानं घरी ये. तिथं पुढच्या चार जणांचंच ऐकतात, बाकीचे गर्दीला. त्यापेक्षा स्ट्रिंग्जना वेगळं बसवून, सावकाश, एकेक ओळ घासून घेणारा सेक्शनल टीचर जिथं असेल ते लहान ग्रुप का असेना, तिथं जा. नुसत्या स्ट्रिंग्जचा ग्रुप असला तर अजून चांगलं, ट्रम्पेटच्या आवाजात आपलं बेसूर आपल्यालाच ऐकू येत नाही.

आणि सेकंड व्हायोलिन, म्हणजे व्हायोलिनांच्या दुसऱ्या गटातली जागा, दिली म्हणून तोंड पाडू नकोस (आईलापण सांगून ठेव, ती शेजारणींना काय सांगायचं म्हणून बसेल). चाल फर्स्ट व्हायोलिनकडं असते हे खरं, पण मधले सूर धरायला कान जास्त लागतो.

तुझं एक वेगळं आहे, तू आपल्या हिंदुस्थानी पद्धतीनं मांडी घालून, स्क्रोल (व्हायोलिनचं वळलेलं टोक) पायाच्या घोट्यावर टेकवून शिकलीस. आता हनुवटीखाली धरायचं, तारा जी-डी-ए-ई, आणि तुझा सा कुणी विचारणार नाही, तारा लावायला सगळ्यांचा ए एकच, बहुतेक ४४० हर्ट्झचा. मींड तर लगेच पकडली जाते, दहा जण सरळ सुरावर जातात आणि तू घसरत जातेस. गुरुजींकडचं सोडू नकोस, फक्त तिथली बोटं तिथं, इथली इथं. हे जमायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ देणारा कंडक्टर आहे का, हेही त्या रिहर्सललाच कळेल.

ऑडिशनला बहुतेक ठिकाणी स्केल्स, एकदोन पीस आणि साइट रीडिंग (न पाहिलेलं नोटेशन बघून लगेच वाजवणं) घेतात. आपल्याकडची पोरं साइट रीडिंगलाच अडकतात कारण आपण ऐकून शिकतो, म्हणून रोज नवीन चार ओळी वाच, चुकलं तरी थांबायचं नाही. गोव्याच्या दमट हवेत व्हायोलिनच्या खुंट्या फुगून घट्ट होतात, पोचल्यावर जोर लावून पिळू नकोस, आधी थोडा वेळ व्हायोलिनची पेटी उघडून ठेव.

पीस ठरला की रेकॉर्डिंग पाठव, मेट्रोनोम लावून. आणि पणजीला पहिल्यांदा बाबांना घेऊनच जा, त्यांनापण ती मागची रांग दाखव.

तुझी,
मावशी