आता कोणत्या तोंडानं गावी जाऊ?

“मॅडम, सात वर्षं झाली. आता सोडलं तर गावात कोणत्या तोंडानं जाऊ? आणि नाही सोडलं तर अभ्यासाला बसवत नाही. स्वतःवरचा विश्वासच गेलाय. तो परत कसा आणायचा, तेवढं सांगा.”

पुण्यातल्या सदाशिव पेठ, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणारी मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात आणि थोड्याफार फरकानं हेच विचारतात. हा मुलगा हिंगोली जिल्ह्यातला, तिशी ओलांडलेला. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेपर्यंत तो पोचला होता आणि एकदा कट-ऑफ थोडक्यात हुकला होता. थोडक्यात हुकलेल्या माणसाला परत फिरणं सगळ्यात अवघड जातं. त्यात खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत परीक्षा देता येते, म्हणजे बाहेरून कुणी ‘पुरे’ म्हणत नाही. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तेव्हा पर्यायी प्रश्नांवर घासलेली इतक्या वर्षांची तयारीही त्याला वाया गेल्यासारखी वाटली.

तो कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेचं भाडं देऊन, राहायचा. रात्री तीनपर्यंत मोबाइल, सकाळी अकराला उठणं, मेसचं एकच जेवण. घरचा फोन आला की उचलायचा नाही आणि नंतर ‘अभ्यासिकेत होतो’ असा मेसेज टाकायचा. म्हणून आम्ही झोप आणि जेवणापासून सुरुवात केली. त्याला ते फार किरकोळ वाटलं. पण थकलेल्या शरीरातून उत्तर येतं ते ‘मला जमणार नाही’ असंच येतं.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानं 1977 मध्ये स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास कुठून येतो याची मांडणी केली. शरीर-मनाची अवस्था हा त्यातला एक झरा. आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमलेलं पाहणं आणि ज्याच्या शब्दाला आपल्या लेखी किंमत आहे त्यानं धीर देणं, हे आणखी दोन. पण सगळ्यात पक्का विश्वास येतो तो स्वतः एखादं काम तडीस नेल्यानं. आरशासमोर उभं राहून ‘मी करू शकतो’ म्हणायला सांगणारे व्हिडिओ याने भरपूर पाहिले होते. त्यांचा उपयोग होत नाही. ऐकणारं मन आपलंच असतं, त्याला खरं काय ते ठाऊक असतं.

मी त्याला एक कागद दिला. एमपीएससीचं नाव न घेता सांग, या वर्षांत तुला काय काय यायला लागलं? बराच वेळ कागद कोराच होता. मग म्हणाला, “गावाकडून फोन येतात, तेवढंच.” कसले फोन? वारस नोंदीचे, फेरफाराचे. चुलतभावाच्या सातबारावर संगणकीकरणात नाव चुकलं होतं. यानं जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे करायच्या दुरुस्तीचा अर्ज फोनवरून शब्द न् शब्द सांगितला, सोबत कोणते कागद लावायचे तेही. दुरुस्ती झाली. हे सांगताना तो पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसला. कायदा वाचून समजणं, तो शेतकऱ्याच्या भाषेत सांगता येणं, सरकारी कागद न घाबरता हाताळणं, एवढं सगळं त्याच्याकडे होतं आणि स्वतःच्या हिशेबात तो ते धरतच नव्हता.

आम्ही सर्वाधिक वेळ घालवला तो त्याच्या एका ठाम समजुतीवर. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. तिचं सूत्र सोपं आहे. पोस्ट, म्हणजे सरकारी पद, मिळावी ही इच्छा निरोगी आहे. ती मिळालीच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी, हा हट्ट माणसाला मोडतो. त्याच्याकडून मी हे पुन्हा पुन्हा तपासून घेतलं. पोस्ट न मिळालेले सगळे कुचकामी? मग तुझी ताई? ती आशा सेविका आहे. तुझे वडील? यावर तो चिडला. चिडला ते बरंच झालं, वडिलांना लावायचा नसलेला नियम स्वतःलाच का लावायचा हे त्याला तिथे दिसलं.

‘प्लॅन बी ठेवू नका, झोकून द्या’ ही काही मार्गदर्शकांची भाषणं मला मनापासून नापसंत आहेत. ज्यांना पोस्ट मिळाली तेच व्यासपीठावर असतात, बाकीचे हजारो समोरच्या खुर्च्यांत. मी त्याला ‘सोड’ म्हटलं नाही, ‘धर’ही म्हटलं नाही. सोडायचं की धरायचं, या दोनच वाटांत तो अडकला होता. वेगळा विचार म्हटलं की लोकांना जगावेगळं धाडस आठवतं. त्याला हवी होती फक्त तिसरी वाट, तीही आधी चाखून बघता येईल अशी.

ती ताईमुळे सापडली. घरात तिच्याशीच तो खरं बोलू शकत होता, तरी दोन वर्षं बोलला नव्हता. बोलल्यावर तिनं विचारलं, “अरे, आपल्याकडं हळदीची कंपनी झालीय, त्यांना कागदपत्रं बघणारा माणूस मिळंना. महिनाभर येऊन बघतोस का?” अशी शेतकरी उत्पादक कंपनी किमान दहा शेतकरी मिळून काढू शकतात, 2002 पासून कायद्यात तशी तरतूद आहे. पण ती काढल्यावर सभासदांची नोंद, सभांचं इतिवृत्त, लेखापरीक्षण, वार्षिक विवरणपत्रं हे सगळं सांभाळावं लागतं आणि अनेक कंपन्या तिथेच अडखळतात. पुण्यातली कॉट न सोडता तो हळदीच्या हंगामात गेला. शिजवलेली हळद वाळत होती, पॉलिशचं यंत्र चालू होतं, आणि हा पत्र्याच्या शेडमध्ये सभासदांचे सातबारे आणि बँक पासबुकं जुळवत बसला होता. महिनाअखेरीस रजिस्टर पूर्ण झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण काम झालं होतं.

परत आल्यावर त्यानं अभ्यासिकेतल्या मित्राला या तिसऱ्या वाटेबद्दल सांगितलं. याची त्याला वडिलांपेक्षाही जास्त भीती होती. मित्र म्हणाला, “मी कधीचा विचार करतोय. तू खचशील म्हणून बोललो नाही.” चांगली मैत्री होती, तरी दोघं एकमेकांसाठी हिमतीचा मुखवटा घालून बसले होते. माझ्या अनुभवात हे वरचेवर दिसतं, म्हणून अशा मुलांना मी पहिल्या भेटीतच विचारते: खरं बोलता येईल असं कोण आहे?

वडिलांशी अजून सूत जुळलेलं नाही. त्यांची परवानगी मिळेपर्यंत थांबू नकोस, पण त्यांना अंधारातही ठेवू नकोस, एवढं आम्ही ठरवलं. दर रविवारी तो फोन करतो, कंपनीतल्या कामाचं आणि पगाराचं खरं खरं सांगतो. ते ‘हं’ म्हणतात आणि फॉर्म भरला का ते विचारतात. फॉर्म त्यानं भरला आहे. परीक्षेला बसायचं की नाही, ते हंगाम संपल्यावर ठरवणार आहे, आणि तो निर्णय आता त्याला एकट्याला घेता येतो.

अशा अवस्थेत कुणाला जगणंच नकोसं वाटत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. मित्र अशा अवस्थेत असेल तर त्याच्याशेजारी बसून तुम्हीच तो लावून द्या.